काय बोलूचा नि काय नाय

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती. बाहेर धो धो पाऊस, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग, हॉलमध्ये पडद्यांचा कुबट वास आणि समोर प्रोजेक्टरवर पोर्टलचे स्क्रीनशॉट. लॉगिन कसं करायचं, अर्ज कुठल्या डेस्कवर अडकलाय ते कुठे दिसतं, चुकीचा दाखला अपलोड झाला असेल तर परत कसा पाठवायचा. उपयोगाचंच होतं सगळं, मी वहीत लिहूनही घेतलं. शेवटी थोडा वेळ प्रश्नांसाठी ठेवला होता. कुणी पासवर्डचं विचारलं, कुणी सर्व्हर स्लो असतो त्याचं काय म्हणून विचारलं, आणि मग मागच्या रांगेतून एका लेडीज हॉस्टेलच्या मावशी उठल्या. देवगडकडच्या आहेत त्या, इतकी वर्षं रत्नागिरीत काढली तरी बोलणं तिकडचंच. म्हणाल्या, "सर, रातीचा एखादा चेडू रडत दारात इला, तर तेका काय बोलूचा नि काय नाय, ता कोणी सांगशात काय?" चेडू म्हणजे मुलगी. पाहुणे सर रात्रभर प्रवास करून आलेले, दिवसभर उभं राहून बोललेले, दमले होते बिचारे. ते म्हणाले, "त्यासाठी काउन्सेलर असतात मावशी, तुम्ही फक्त रेफर करायचं." आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. मावशी "बरा" म्हणून खाली बसल्या.

मला मात्र तो प्रश्न काही सोडेना.

मी बरीच वर्षं स्टुडंट सेक्शनला आहे, म्हणजे खिडकीमागे. कॉलेज म्हटलं की लोकांना प्राध्यापक आठवतात, वर्ग आठवतात, गॅदरिंग आठवतं. पण बारावी होऊन वाडीवरून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला कॉलेजातलं पहिलं माणूस भेटतं ते खिडकीत. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि पावसाळ्यात त्या पिशवीला आतून वाफ धरलेली, त्यामुळे कागद एकमेकांना चिकटलेले. मी एकेक कागद नखाने सोडवून घेते, घाईने ओढला तर सहीवरची शाई उचलून येते. समोरचं पोर तोंड उघडत नाही, कारण त्याला काय मागायचं तेच नीट माहीत नसतं. मोठ्या भावाने सांगितलेलं असतं, बोनाफाईड आण, मग ते बोनाफाईड एवढंच म्हणतं आणि गप्प. कशासाठी हवंय विचारलं की मागे वळून बघतं, आई आलेली असेल तर आईकडे, नाहीतर नुसतंच दाराकडे. आणि आमच्या जुन्या खिडक्या अशा आहेत की बाहेरच्याला वाकून बोलावं लागतं. ज्याने कुणी त्या केल्या त्याने आत बसणाऱ्याच्या सोयीचा विचार केला असणार. वाकून, मागे वीसजण उभे असताना, एखाद्या मुलाने सांगायचं की वडील गेल्या महिन्यात वारले म्हणून फी भरायला उशीर होतोय. हे मी ऐकलंय, त्याच्या मागच्या वीसजणांनीही ऐकलंय.

प्राध्यापकांना शिकवण्याचं शिक्षण द्यायला हवं हे आपल्या देशाने कधीच मान्य केलंय. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची नावं बदलली, २०२३ मध्ये मालवीय मिशन आलं. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, प्रमोशनसाठी ते करावंच लागतं, त्यामुळे नाइलाजाने का होईना माणूस दोन-तीन आठवडे बसतो, इतर कॉलेजच्या लोकांशी बोलतो, काहीतरी नवं डोक्यात पडतं. क्लार्क, अधीक्षक, हॉस्टेलच्या मावशी, ग्रंथालयाचे परिचर, शिपाई यांच्यासाठी असं सलग काही नाही. अधूनमधून एखादा कोर्स निघतो, नाही असं नाही, पण तो बहुतेकवेळा सॉफ्टवेअरचा किंवा फाईलच्या टिपणीचा. आणि विद्यार्थी विकास म्हटलं की डोळ्यांसमोर युवा महोत्सव येतो, ज्यांना नाटक-गाण्याची आवड त्या सरांकडे त्याचा चार्ज. महोत्सवाचं मोल मला कमी करायचं नाहीये. संगमेश्वरकडच्या डोंगरातली एक मुलगी, वर्गात हजेरीलासुद्धा जेमतेम आवाज निघायचा तिचा, ती एकपात्रीला स्टेजवर उभी राहिली आणि पुढच्या आठवड्यात खिडकीवर येऊन मला म्हणाली, मॅडम माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, दुरुस्त करून द्या. त्या ठणठणीत आवाजाचा मला केवढा आनंद झाला होता. पण महोत्सव चार दिवसांचा, खिडकी वर्षभराची. आणि खिडकीवर बसणाऱ्याला कुणी शिकवायला हवं असं अजून मनापासून कुणाला वाटत नाही, आम्हालासुद्धा कधीकधी नाही.

मी जे काही शिकले ते अण्णांकडून. अण्णा आमचे जुने हेडक्लार्क, सगळं कॉलेज त्यांना अण्णाच म्हणायचं. त्यांच्या टेबलावर काचेखाली दोन कॅलेंडरं असायची. एक युनिव्हर्सिटीचं, परीक्षेचे फॉर्म, लेट फी, सुपर लेट फी अशा तारखांचं. दुसरं कालनिर्णयमधून कापलेलं आणि त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं. शिमगा, गणपती, भातलावणी, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कलमांची पहिली पेटी, काजू. फीचा हप्ता कुणाला कधीचा द्यायचा ते ते दुसरं कॅलेंडर बघून ठरवायचे. ज्याचा बाप बागेत राखणीला त्याला एप्रिलअखेर, ज्याचा भाऊ मुंबईत कंपनीत त्याला गणपतीनंतर, कारण चाकरमानी येतो तेव्हाच हातात पैसे ठेवतो. दर्यावरच्या मुलांना जूनमध्ये फी मागायचीच नाही, घरात चूल पेटते हेच पुष्कळ. हे त्यांना कुठल्या जीआरमध्ये सापडलं नव्हतं. वर्षानुवर्षं माणसं बघून त्यांच्या हाताला ते लागलेलं. ते रिटायर झाले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी नवीन टेबल आलं, जुनी काच गेली, काचेखालचं कॅलेंडरही कुठे गेलं कुणास ठाऊक. त्यांची जागा भरलीच नाही. कंत्राटावर एक मुलगा आला, सांगलीकडचा, हुशार, कॉम्प्युटरवर आमच्यापेक्षा दसपट पटाईत.

त्या मुलाच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट सांगते. नवीन शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं आणि प्रत्येकाला एबीसी आयडी, म्हणजे मुलाचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाईन खात्याचा नंबर, सक्तीचा झाला. तो काढायचा डिजिलॉकरवरून, त्याला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. मिरकरवाड्याचा एक मुलगा रोज खिडकीवर यायचा आणि हा त्याला रोज सांगायचा, ओटीपी घेऊन ये मग फॉर्म घेतो. आवाज चढवून नव्हे हां, अगदी नीट सांगायचा. आणि मुलगा मान हलवून जायचा, दुसऱ्या दिवशी परत तसाच हजर. शेवटी मी त्याला आत बोलावलं, बसवलं, विचारलं, नंबर कुणाचा आहे रे? वडलांचा. वडील कुठेत? बोटीवर. ऑगस्ट लागून बोटी सुटल्या होत्या, वडील खलाशी, एकदा गेले की चार-पाच दिवसांनी बंदराला लागणार, समुद्रात रेंज नाही, आणि ओटीपीची मुदत मिनिटांची. एवढी साधी गोष्ट. मुलाने ती सांगितली नाही कारण त्याला वाटत होतं ही आपल्या घरातली अडचण, ऑफिसात कशाला सांगायची, आणि सांगलीच्या मुलाला सुचली नाही कारण त्याने समुद्र बघितला तोच नोकरीला आल्यावर. फॉर्म बाजूला काढून ठेवला. मुदत संपायच्या आत बोट लागली, पोराने पहाटे जेटीवरच, बर्फाच्या आणि मासळीच्या गडबडीत, बापाशेजारी उभं राहून आयडी काढला. सकाळी खिडकीवर आला तेव्हा कपड्यांना ताज्या बांगड्याचा वास येत होता आणि चेहऱ्यावर असं काही हसू की सांगलीचा मुलगापण हसायला लागला. संध्याकाळी तो मला म्हणाला, मॅडम, हे मला जॉइन झालो तेव्हाच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

सांगायला पाहिजे होतं. पण कुणी, आणि कुठल्या वेळेत?

आता अण्णांचीच दुसरी बाजू, कारण नुसती त्यांची आरती ओवाळून मला इथे थांबता येत नाही. वर्ष मध्येच सोडून एखादी मुलगी टीसी मागायला आली की अण्णा लगेच देत नसत. "का गो बाय, लग्न ठरलं काय तुझं?" असं विचारायचे, आणि ती गप्प राहिली की म्हणायचे, "आज साहेब नाहीत, सोमवारी ये, येताना आईला घेऊन ये." सोमवारी आई यायची, अण्णा तिला चहा पाजायचे, समजावायचे, अहो पदवी होऊ द्या, जावई कुठे पळून जातोय. काही मुली त्या चहामुळे शिकल्या, मला माहितीयेत त्या, एक तर आज स्वतः शिक्षिका आहे. पण एक मुलगी अशीही होती जिला घरात मारहाण व्हायची आणि ती मामाकडे कोल्हापूरला जाऊन शिकणार होती, गुपचूप, त्यासाठी टीसी हवा होता. तिला आईला घेऊन ये म्हणणं म्हणजे काय, हे अण्णांना कुठून कळणार. आईबरोबर बाप आला. पुढचं मला लिहवत नाही, मुलगी शेवटी सुखरूप कोल्हापूरला पोचली एवढंच सांगते. अण्णांनी दोघींच्या बाबतीत तेच केलं होतं, त्याच मायेने. बाहेरून बघणाऱ्याला मात्र आळशी क्लार्कची टाळाटाळ आणि अण्णांची माया यात काय फरक दिसणार? रांगेतल्या माणसाला दोन्हीकडे ऐकू येतं ते एकच, आज नाही, सोमवारी ये. मुलांचे मूळ दाखले कॉलेजने अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ सालीच स्पष्ट बजावलंय. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी २०२३ चे नियम आहेत, लोकपाल आहेत. हे नियम पाठ करून भागत नाही, पण ते माहीत नसताना नुसत्या मायेवर चालणंही धोक्याचं. मला अण्णांचं मन हवंय आणि त्या मनाला धरून ठेवणारा एक दोरही हवाय.

तो दोर कसा असतो ते बघायला म्हणून मी एका रविवारी इंटरनेटवर बसले. अमेरिकेत विद्यार्थ्यांशी संबंधित हे काम म्हणजे एक स्वतंत्र पेशाच आहे, त्यात एम.ए. करता येतं. तिथल्या दोन मोठ्या संस्था, नासपा १९१९ सालची आणि एसीपीए १९२४ सालची, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. त्या दोघींनी मिळून या कामाला लागणाऱ्या क्षमतांची यादी केली, २०१५ मध्ये ती सुधारली, त्यात दहा भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या तीन पायऱ्या, सुरुवातीची, मधली, वरची. कायदा आहे, तंत्रज्ञान आहे, सामाजिक न्याय आहे, आणि मुलांना सल्ला आणि आधार देणं हाही एक वेगळा भाग आहे. ते वाचताना मला खूप बरं वाटलं आणि घशाशीपण आलं. बरं वाटलं कारण आपण जे करतो ते कुठेतरी ज्ञान म्हणून मोजलं जातं, त्याला पायऱ्या आहेत, माणूस त्यात वाढू शकतो. आणि घशाशी आलं कारण मला मावशी दिसल्या, बरा म्हणून खाली बसणाऱ्या. त्यांच्या सर्व्हिसबुकात रजा आहेत, वेतनवाढी आहेत, आश्वासित प्रगती आहे. रात्री-अपरात्री इतक्या मुलींना सांभाळलं त्याची एक ओळ नाही. अर्थात ती यादी उचलून इथे चिकटवून काही होणार नाही. घाट बंद झाला म्हणून एसटी आली नाही आणि पोराचा पेपर बुडाला, याचं उत्तर त्या दहा भागांत थेट कुठे सापडणार? ते आपल्यालाच लिहायला लागणार.

आणि लिहिलेलं नसताना आपल्या लोकांनी काय केलंय तेही मी बघितलंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्यानंतरच्या आठवड्यांत तिकडची पोरं आमच्याकडे येत होती, कुणाचं घर गेलेलं, कुणाचं दुकान, आणि मार्कशीटा लॅमिनेशनच्या आत गढूळ पाण्यासकट. लॅमिनेशन केलेलं असलं की कागद वाचतो असं लोकांना वाटतं, पण एका कोपऱ्यातून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही, अक्षरं आतल्या आत पसरत जातात. आमच्या लायब्ररीच्या परिचराने ब्लेडने एकेक कोपरा उघडून ते कागद वर्तमानपत्रावर पसरले, पंखा लावला, वर पातळ कापड टाकलं. आणि मग आम्ही तिघाचौघांनी बसून ठरवलं की आधी शाळेचा दाखला काढायचा, मग त्यावर बाकीचे, कुठलं पत्र कॉलेज देईल, कशासाठी तहसीलला जायला लागेल, आणि ते एका कागदावर मराठीत लिहून प्रत्येक पोराच्या हातात दिलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पण पुन्हा पूर आला आणि मी तिथे नसले तर तो कुणाला मिळणार, हा विचार आता फार सतावतो.

आणखी एक. जुलै २०२४ मध्ये मुलींच्या मोफत उच्चशिक्षणाचा निर्णय आला तेव्हा पहिल्या आठवड्यात किती आया खिडकीवर आल्या. टीव्हीवर ऐकलेलं, आता मुलींना सगळं फुकट. प्रत्यक्षात निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा, कॅपमधून म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश हवा, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न, ठरावीक प्रवर्ग. नाही म्हणायला दोन सेकंद पुरतात. पण ती बाई भाताची लावणी टाकून, एसटी बदलून आलेली असते, आणि नाही ऐकलं की घरी जाऊन नवऱ्याला सांगणार, झालं नाही. मग मुलीचं शिक्षण तिथेच. म्हणून नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य काय, दुसरी कुठली शिष्यवृत्ती लागू होते, वसतिगृहाचा भत्ता मिळतो का, हप्ता किती पाडता येईल, हे सगळं त्याच बैठकीत तिच्या पदरात पडायला हवं. हे शिकवता येतं. अगदी रोजच्या सरावाने शिकवता येतं. पोर्टलच्या कार्यशाळेत अर्धा तास यासाठी काढला असता तर बाकीच्या दिवसापेक्षा तो जास्त कामी आला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मावशींना मी नंतर हॉस्टेलवर जाऊन भेटले. मला विचारायचंच होतं की आजवर रडत आलेल्या मुलींचं त्यांनी केलं काय. त्या म्हणाल्या, "मी आधी तेका पेज देतंय. पोटात कायतरी गेला काय मगे चेडू बोलता." रात्री आपल्या खोलीतल्या स्टोव्हवर उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, सोबत लोणच्याची फोड. शेजारी बसतात, काही विचारत नाहीत, मुलगी बोलायला लागली की मध्ये बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढलीय, डॉक्टर नसलेल्या माणसांसाठी. त्यात सांगितलंय, आधी नीट बघा, मग ऐका, मग योग्य माणसाशी जोडून द्या. पहिल्या दोन गोष्टी मावशी अंगच्या शहाणपणाने करतच होत्या. तिसरी कुणी शिकवली नव्हती. आणि एका गोष्टीची त्यांना खूप भीती होती. एखादी मुलगी जगण्यातच राम नाही असं बोलायला लागली तर सरळ विचारायचं का, की बाळा जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का तुझ्या मनात? "ता इचारूक माका भय वाटता. मी इचारलंय आणि नसलेला तेच्या डोक्यात गेला तर?" हे भय सगळ्यांनाच असतं. पण या क्षेत्रातले जाणकार ठामपणे सांगतात की थेट, शांतपणे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट त्या माणसाला हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. आणि मग त्या मुलीला एकटं सोडायचं नाही, त्याच रात्री रेक्टरना उठवायचं, गरज वाटली तर सिव्हिलला न्यायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. मी हे सांगत होते तेव्हा मावशींनी तो नंबर खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहिला. म्हणाल्या, फोन हरवता, दार खंय जातला.

नुसतं रेफर करा हे उत्तर पुरेसं का नाही, त्याला आमच्या गावात एक खास कारणही आहे. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातलं एक रत्नागिरीत. तिथे चांगले डॉक्टर आहेत, लांबून लांबून माणसं येतात. पण गावातच असल्यामुळे लहानपणापासून आम्ही एकमेकांना चिडवताना त्याचंच नाव घेत आलो. त्यामुळे एखाद्या मुलाला काउन्सेलरकडे जा म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर पहिली ती भिंत येते, आणि तो दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर यायचाच बंद होतो. म्हणून पाठवायचं कसं, काय बोलून पाठवायचं, बरोबर कोण जाईल, पहिल्यांदा कॉलेजातच काउन्सेलरला बोलावून चहाच्या निमित्ताने ओळख करून देता येईल का, हे सगळं रेफर या एका शब्दाच्या पोटात आहे आणि ते करणारं माणूस बहुतेकवेळा मावशी, नाहीतर शिपाईकाका, नाहीतर मी.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमला नीटची तयारी करताना गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, मानसिक प्रथमोपचाराचं, धोक्याच्या खुणा ओळखण्याचं, कुणाकडे आणि कसं पाठवायचं त्याचं. शिक्षकेतर हा शब्द त्यात स्पष्ट आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. मग प्रिंट काढली, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर ठेवली. एका मुलीचा जीव गेला आणि तिच्या वडलांनी कोर्टाची पायरी चढली म्हणून आज आमच्या मावशींना शिकवा असं कुणीतरी म्हणतंय, हे लक्षात येऊन त्या दिवशी कामात मन लागलं नाही.

सर चांगले आहेत, त्यांनी मला बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवंय. मी म्हटलं, महिन्यातून एक तास. शेवटच्या शनिवारी चार ते पाच खिडकी बंद, बाहेर बोर्ड लावायचा, आणि आत आम्ही सगळे. क्लार्क, शिपाई, लायब्ररीचे, हॉस्टेलच्या मावशी आणि रेक्टर मॅडम, एनएसएसचे सर. प्रत्येकाने त्या महिन्यात अडलेली एक गोष्ट सांगायची, मुलाचं नाव न घेता, आणि बाकीच्यांनी ऐकून मग बोलायचं. डॉक्टर लोक करतात असं, सोशल वर्कवाले करतात, मग आपण का नको. सर हो म्हणाले. तो तास सुरू झाला आणि पहिल्यांदा कुणी तोंडच उघडेना, सगळ्यांना वाटलं आपली चूक काढणार. सांगलीच्या मुलाने ओटीपीची गोष्ट सांगितली तेव्हा कुठे बर्फ फुटला, मग शिपाईकाकांनी सांगितलं की शिष्यवृत्तीची यादी जातीच्या रकान्यासकट बोर्डावर लागते ती लावताना त्यांना कायम वाईट वाटतं. वर्षानुवर्षं लावतायत, कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाहीत. आता यादीवर फक्त अर्जाचा नंबर असतो. खिडकीच्या आत एक खुर्ची ठेवलीय, ज्याला रांगेसमोर बोलायचं नाही त्याने सरळ दारातून आत यायचं.

टीसीवर मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. रेक्टर मॅडमचं म्हणणं, मुलगी सज्ञान आहे, मागितला की त्याच दिवशी द्यायचा, कारण विचारायचा आपल्याला अधिकार नाही. लायब्ररीच्या परिचराचं म्हणणं, अण्णांनी विचारलं म्हणून माझी पुतणी शिकली, अधिकार कसला बघता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचेही आवाज चढले होते. शेवटी असं ठरलं की टीसी नियमाप्रमाणे वेळेत मिळणार, अडवायचा नाही, घरच्यांना आपणहून फोन करायचा नाही. पण मुलीला त्या आतल्या खुर्चीवर बसवून, घरचं कुणी बरोबर असेल तर त्यांना बाहेर चहा देऊन, एकच विचारायचं, तुझ्या मर्जीने चाललीयस ना? आणि ती काहीही म्हणाली तरी पुन्हा प्रवेश कसा घेता येईल त्याचा कागद आणि हेल्पलाईनचे नंबर हातात द्यायचे. परिचर अजून पूर्ण पटलेले नाहीत. मलाही वाटतं की यात काहीतरी राहतंय, मारहाण होणाऱ्या मुलीच्या हातात तो नंबरांचा कागद घरच्यांना सापडला तर? हा मुद्दा पुढच्या तासाला घ्यायचाय.

अण्णांना आम्ही एकदा बोलावणार आहोत, ते दुसरं कॅलेंडर त्यांच्याकडून नव्याने लिहून घ्यायला, आता त्यात एबीसी आयडी आणि कॅपच्या तारखाही घालायला लागतील. या तासांची नोंद सर्व्हिसबुकात व्हावी म्हणून संस्थेला पत्र दिलंय, इनवर्ड नंबर पडलाय, उत्तराची वाट बघतोय. आणि सिव्हिलच्या समुपदेशक मॅडमना मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणासाठी विचारलंय. तारीख गणपतीच्या आधीचीच मागितलीय, कारण गणपतीनंतर परीक्षेचे फॉर्म सुरू होतात आणि मग आमच्यातल्या एकालाही खिडकी सोडून उठता येत नाही.